देवाचं सरपण

झाडलोटीला काय अक्कल लागते, असं म्हणणाऱ्यानं जन्मात कधी खराटा हातात धरलेला नसतो. केराबाईनं अठरा वर्षं सोलापूरच्या वनस्पती उद्यानात झाडांखालची जमीन झाडली होती. कुठल्या झाडाचं पान कुठल्या महिन्यात गळतं, कुठलं फूल दुपारपर्यंत काळं पडतं, वटवाघळं कुठल्या फांदीला लटकून काय खातात, हे तिला मान वर न करता कळायचं. झाडांच्या पाट्यांवरची इंग्रजी नावं तिला वाचता येत नव्हती, त्याची तिला गरजही नव्हती. सतरा नंबरखाली आज चिकट पडलंय, असं ती म्हणाली की वर पानांना मावा लागलेला असायचाच.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती अशीच झाडत झाडत पलीकडच्या कोपऱ्यात गेली. तिथं परदेशातून आणून लावलेली पाच-सहा झाडं होती. त्यातल्या एकाच्या बुंध्याशी तिला पांढरं काहीतरी पडलेलं दिसलं. ती खाली बसली. खोडाच्या सालीतून बारीक बारीक शेवया बाहेर आल्या होत्या, नखाएवढ्या लांब, भुशाच्या. बोट लावलं की त्यांचं पीठ व्हायचं. शेवई जिथून निघाली होती तिथं सालीला टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. अशी भोकं तिनं मोजायला घेतली आणि वीस झाल्यावर सोडून दिली. असल्या शेवया तिनं याआधी एकदा बघितल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात फाटकाजवळच्या पांगाऱ्याखाली पडल्या होत्या त्या. तेव्हा तिनं मुकादमाला सांगितलं होतं. मुकादम शिवपुत्र हा अक्कलकोटकडचा, कानडी मुलखातला, माणूस वाईट नाही पण कटकट नको असणारा. झाड म्हातारं झालंय, तुझं काम झाडायचं, तेवढं कर, असं म्हणून त्यानं विषय संपवला. महिन्याभरात पांगारा शेंड्यापासून वाळत आला आणि माघात तो तोडला. पुढं त्याचं काय झालं ते केराबाईला नीट ठाऊक होतं. पण ती गोष्ट आपण जरा थांबून बघू.

या खेपेला तिनं मुकादमाला विचारलं नाही, ती सरळ मॅडमकडं गेली. सिद्धेश्वरी मॅडम दिवाळीनंतर नव्यानंच बागेच्या अधिकारी म्हणून रुजू झाल्या होत्या. तिशीच्या, सडपातळ, शिवपुत्राशी कानडी बोलायच्या आणि केराबाईशी मराठी. आल्या दिवशीच त्यांनी सगळ्या मजुरांना वडाखाली बसवून सांगितलं होतं की अशा बागेत देशोदेशीची झाडं एका जागी उभी असतात, त्यामुळं बाहेरून नवा किडा किंवा रोग आला तर पुष्कळदा तो शेतात दिसायच्या आधी इथं दिसतो. म्हणून तुम्हाला जे वेगळं दिसेल ते मला सांगा. बाकीचे चहाची वाट बघत ऐकत होते. केराबाई मात्र मन लावून ऐकत होती, कारण अठरा वर्षांत खराटेवालीला तुला काय दिसतं असं विचारणारी ही पहिलीच बाई होती.

मॅडम त्या झाडाखाली साडी सावरून मातीत बसल्या. डोळ्याला भिंग लावलं, चाकूनं साल काढली. आतलं लाकूड काळपट डागाळलेलं होतं आणि एका भोकात तिळाएवढा काळा भुंगा होता. तो त्यांनी डबीत घेतला आणि बंगळूरला प्रयोगशाळेत पाठवला.

उत्तर यायला पौष उजाडला. मॅडमनी पुन्हा सगळ्यांना वडाखाली बोलावलं. हा किडा इकडचा नाही, म्हणाल्या. तो लाकूड खात नाही, लाकडात बुरशी पेरतो आणि ती बुरशी खातो, आणि त्या बुरशीनं झाड आतून मरतं. एकच झाड धरतो असंही नाही. पांगारा, कडुलिंब, आंबा, डाळिंब, त्याला काही चालतं. मग त्या म्हणाल्या की हा किडा आपल्या जिल्ह्यात सगळ्यात आधी कुणी ओळखला असेल तर केरामावशींनी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. केराबाईनं पदर तोंडाला लावला. त्या दिवशी चहाबरोबर बिस्कीटही मिळालं.

टाळ्या थांबल्यावर मॅडमनी सहज विचारलं, याच्या आधी बागेत कुठलं झाड असं वाळलं होतं का?

शिवपुत्र म्हणाला, गेल्या साली एक पांगारा वाळला होता. त्याचं लाकूड कुठं गेलं, असं मॅडमनी विचारल्यावर तो एक क्षणही न थांबता म्हणाला की हितंच खड्ड्यात टाकून जाळलं. हे बोलताना त्यानं केराबाईकडं बघितलं. केराबाई कपातल्या चहाकडं बघत होती. चहावर साय धरली होती.

ते लाकूड जाळलं नव्हतं. बागेतलं तोडलेलं लाकूड बागेतच जाळायचं असा नियम होता खरा, पण मजुरांनी फाटी घरी न्यायची ही रीत त्या नियमाच्याही आधीपासूनची होती, आणि त्याला चोरी कुणी म्हणत नव्हतं. केराबाईची वस्ती मंगळवेढा रस्त्याला, शहरापासून सात-आठ कोसांवर. पन्नासेक घरं धनगरांची, थोडी मेंढरं, थोडी शेती, आणि वस्तीच्या टोकाला बिरोबाचं देऊळ. देवळाभोवती चाळीस झाडांचं बन. बहुतेक कडुलिंब, चार-दोन पांगारे, बाकी बाभळी. त्या उघड्या माळावर सावली म्हणून तेवढीच. बनाला कुऱ्हाड लावायची नाही, हिरवी काटकी मोडायची नाही, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. केराबाईचा नवरा तात्याबा त्या देवाचा पुजारी होता.

चैत्रात बिरोबाची जत्रा भरायची. प्रसादाच्या सैपाकाला बनातलं लाकूड चालायचं नाही म्हणून घराघरानं सरपण आणून टाकायचं. आता सरपण ते सरपण, पण लोक बघत असतातच की कुणाची गाडी किती भरलीय. मागं एका जत्रेला पुजाऱ्याच्या घरची एकच मोळी आली होती, कारण घरात दुसरं काही नव्हतंच, आणि बायका पाणवठ्यावर बोलल्या होत्या. ते केराबाईच्या मनात सलत होतं. म्हणून पांगारा तुटला तेव्हा तिनं दिराला, बिरप्पाला गाठलं. बिरप्पा रोज सकाळी वस्तीचं दूध टेम्पोतून सोलापूरला आणायचा. केराबाई त्याच टेम्पोतून कामावर यायची. परत जाताना टेम्पो रिकामाच असायचा. त्यात पांगारा खाली भरला, वर सुबाभळीची चांगली फाटी रचली, आणि गाडी गच्च भरून देवळापुढं उभी राहिली. बघणाऱ्यांनी बघितलं. केराबाईचं काळीज त्या दिवशी सुपाएवढं झालं होतं.

पांगाऱ्याचं लाकूड फुसकं, हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच! जळत नाही, नुसता धूर करतं. आचाऱ्यांनी दोन ओंडके चुलीत घातले, डोळे चोळत शिव्या दिल्या आणि बाकीचे बाजूला फेकले. पण देवाला दिलेलं माघारी न्यायचं नसतं. उरलेलं सरपण देवळामागं थोरल्या लिंबाच्या बुंध्याला टेकवून रचून ठेवलं, पुढच्या जत्रेला होईल म्हणून. ते तिथंच पावसाळाभर पडून होतं.

टाळ्या मिळाल्या त्याच दिवशी संध्याकाळी, एसटीतून उतरल्यावर, केराबाई घरी न जाता बनात गेली. दिवस मावळायचा होता. देवळामागं ओंडक्यांच्या सालीला भोकं होती, जुनी, वाळलेली. तिनं थोरल्या लिंबाच्या बुंध्याकडं बघितलं. पांढऱ्या शेवया होत्या. शेजारच्या लिंबाला होत्या. बनातल्या थोरल्या पांगाऱ्याला तर हात पोचेल तिथवर होत्या. तिनं हाताच्या पंज्यानं सगळ्या शेवया पुसून टाकल्या, खाली पडलेलं पीठ पायानं मातीत मिसळलं, आणि घरी जाऊन भाकऱ्या थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना ती खराटा घेऊन बनात गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. मग ते रोजचंच झालं. टेम्पो निघायच्या आधी बन झाडायचं, खोडं फडक्यानं पुसायची, भुसा पाटीत भरून ओढ्यात टाकायचा. एका रात्रीत पुन्हा तेवढाच भुसा पडलेला असायचा, चार दिवसांनी जरा जास्त. कंबर धरायची, खराट्याच्या काड्या झिजून बोटांना लागायच्या. आपण काय करतोय याचा तिनं नीट विचार केला नाही, आणि विचार येईल म्हणून हात थांबवला नाही. कळलं तर बनाला कुऱ्हाड लागेल, आणि ती आपल्यामुळं लागेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तात्याबाचे गुडघे कामातून गेले होते. सकाळी काठी टेकत तो देवळात यायचा तेव्हा अंगण लखलखीत असायचं. त्याला भारी कौतुक वाटलं. तीस वर्षं संसार केला पण देवासाठी कधी काडी हलवली नाहीस, आता म्हातारपणी बरी आठवण झाली, असं तो थट्टेनं म्हणाला, आणि भंडाऱ्याचं बोट तिच्या कपाळाला लावलं. वस्तीतल्या बायकाही पुजारणीचं नाव घ्यायला लागल्या. केराबाई खालमानेनं ऐकायची. असलं कौतुक कुणाच्या वाट्याला येऊ नये.

इकडं बागेत निराळंच चालू होतं. मॅडमनी अकरा झाडांवर लाल पट्टे ओढले. ती अकराही तोडली. लाकूड तिथंच बारीक करून खड्ड्यात जाळलं, जे जाळता आलं नाही ते जाड प्लास्टिकखाली उन्हात झाकून ठेवलं. केराबाईनं स्वतः फांद्या ओढल्या. मॅडम मजुरांना पुनःपुन्हा सांगायच्या, हा किडा फार उडत नाही, त्याला माणूस नेतो, लाकूड हललं की किडा हलतो. त्यांनी एक वही केली होती. केराबाई रोज झाडून झाल्यावर सांगायची, आज नऊ नंबरखाली आहे, तेवीसखाली नाही, आणि मॅडम लिहून घ्यायच्या. ती एकदाही चुकली नाही, एकदाही लपवलं नाही. तीच बाई, तोच खराटा, आणि सकाळी बनात उलटं काम करून आलेली. माणसाच्या पोटात किती जागा असते कुणास ठाऊक.

माघाच्या शेवटाला बिरप्पानं टेम्पो चालवता चालवता तिच्या मांडीवर डाळिंबाची एक फांदी ठेवली. बनाला लागूनच त्याची दीड एकर डाळिंबाची बाग होती. आठ वर्षं पोरासारखी सांभाळलेली. बायकोनं डोक्यावरून पाणी आणून घालून जगवली होती ती. फांदीचं पान पिवळं पडून लोंबत होतं. वयनी, तू बागेत कामाला हायेस, ह्ये काय हाय बघ की, असं तो म्हणाला. केराबाईनं फांदी उलटी करून बघितली. बघायची गरज नव्हती. खोडकिडा असंल भावजी, ती म्हणाली, बुंध्यास्नी गेरू लावा औषिद घालून.

बिरप्पानं वहिनीचा शब्द मानला. नवराबायकोनं तीन दिवस वाकून एकूण एक झाडाच्या बुंध्याला गेरूचा लेप दिला. औषधानं दोघांच्या हातांची सालटी निघाली. बायकोला दूध काढता येईना, म्हशीच्या आचळाला हात लागला की आग व्हायची. लाल बुंध्यांची ती बाग लांबून शोभिवंत दिसत होती. चौथ्या दिवशी त्या लालावर पांढऱ्या शेवया आल्या. गेरूवर त्या इतक्या स्वच्छ दिसत होत्या की आंधळ्यालाही चुकल्या नसत्या.

त्या सकाळी टेम्पोत बिरप्पा म्हणाला की गेरूतनं बी निघालं, जाऊ दे, तुझा काय दोष. पाच-सहा झाडं पार गेली होती ती त्यानं छाटून बांधाला टाकली होती. मेहुणा टेंभुर्णीकडं राहतो, त्याच्या रानातही डाळिंबच. तो रविवारी गाडी घेऊन येणार आणि ती फाटी सरपणाला नेणार. फुकट जाण्यापरीस कुणाच्या तरी चुलीत जातील, असं बिरप्पा म्हणाला.

केराबाईनं विचारलं, "कवा येनार म्हनलासा?"

"ऐतवारी. परवा की."

सोलापूर येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. हात मांडीवर पालथे पडले होते. बागेच्या फाटकाशी उतरली आणि कपडेसुद्धा न बदलता सरळ मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम वही काढून बसल्या, आज कुठल्या नंबरखाली, असं विचारलं.

"मॅडम, पांगारा जाळला न्हाई. मी न्हेला. आमच्या देवाच्या बनात पडलाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या असत्या तर केराबाईला बरं वाटलं असतं. पण त्यांनी फक्त वस्तीचं नाव विचारलं, बनाच्या जवळ कुणाच्या बागा आहेत ते विचारलं. रविवारच्या गाडीचं ऐकल्यावर त्या उठल्याच आणि जीप काढायला सांगितली. शिवपुत्र दारात उभा होता. तोंडावरचा रंग उतरला होता त्याच्या. केराबाई त्याच्या अंगावरून गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, आता दोघंबी मेलो बघ.

जीप वस्तीत पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आधी बिरप्पाच्या बांधावरची फाटी झाकून टाकली. मग मॅडमनी बनाच्या कडेला चपला काढल्या आणि अनवाणी आत गेल्या. ते तात्याबानं बघितलं आणि त्यानं त्यांना आत येऊ दिलं. बरोबरच्या दोन माणसांनी एकेका झाडाची साल तपासली. ज्या झाडात किडा सापडेल त्याला लाल पट्टा. एक तास झाला, दीड झाला. वस्तीतली माणसं कामं टाकून जमा झाली. पट्टे वाढत गेले तशी कुजबुज थांबत गेली. चाळीसातल्या सव्वीस झाडांना पट्टे लागले. थोरल्या लिंबाला सगळ्यात आधी लागला होता.

मॅडमनी हात जोडून सांगितलं की ही सव्वीस झाडं तोडून इथंच जाळावी लागतील, नाहीतर पावसाळ्यापर्यंत आसपासच्या सगळ्या बागा जातील आणि मग ते कुणाला थांबवता येणार नाही. त्यांना या बनाबद्दल कळत नव्हतं असं नाही. त्यांच्या गावातही नागोबाचं असंच एक झाड होतं, हेही त्यांनी सांगितलं.

तात्याबा म्हणाला, "ह्या बनाला कुऱ्हाड लागल्याली मी बगितली न्हाई, माझ्या बानं बगितली न्हाई. ह्यो किडा हितं आला कुटनं?"

मॅडमनी काही सांगितलं नाही. त्यांनी केराबाईकडंही बघितलं नाही. हा त्यांचा मोठेपणा, पण केराबाईला तो सोसवला नाही. ती बायकांच्या घोळक्यातून पुढं आली.

"मी आनला. जत्रंच्या सरपनातनं."

बिरप्पानं मान वर केली. तात्याबा काठीवर दोन्ही हात ठेवून बायकोकडं बघत राहिला.

"कवापासनं ठावं हाय तुला?"

"पूस म्हैन्यापासनं."

"मंजी सकाळचं झाडत हुतीस ते..."

त्यानंच भंडारा लावलेलं तिचं कपाळ त्याला दिसत होतं. बिचाऱ्या मॅडमना त्या झाडण्याचं काही ठाऊक नव्हतं. त्या आपल्या हिशोबानं म्हणाल्या की पौषात कळलं असतं तर चार झाडांवर भागलं असतं, डाळिंबापर्यंत गेलंच नसतं. हे वाक्य सगळ्या वस्तीनं ऐकलं. बिरप्पाची बायको सोललेले हात पदरात लपवून उभी होती, तिनंही ऐकलं. कुणी केराबाईला शिवी दिली नाही. तिच्याशेजारी उभ्या असलेल्या बायका तेवढ्या दोन-दोन पावलं बाजूला झाल्या.

कुऱ्हाड कुणी धरेना. मॅडमबरोबरची माणसं तयार होती, पण बाहेरच्या माणसानं आमच्या देवाच्या झाडाला हात लावायचा नाही, असं वस्तीतली तरणी पोरं म्हणाली, आणि स्वतःही पुढं येईनात. मग तात्याबा काठी टेकत घराकडं गेला आणि कुऱ्हाड घेऊन आला. देवापुढं ठेवून तिच्या पात्याला भंडारा लावला. काय व्हायचं ते पुजाऱ्याला होऊ दे, एवढंच म्हणाला. गुडघा वाकत नव्हता म्हणून पाय फाकवून उभा राहिला आणि थोरल्या लिंबावर पहिला घाव घातला. घाव पुरता बसलासुद्धा नाही. दुसरा घालायला त्याचे हात वर जाईनात, तेव्हा बिरप्पानं पुढं होऊन त्याच्या हातातली कुऱ्हाड घेतली.

चार दिवस तोड चालली. केराबाईनं चारही दिवस फांद्या ओढल्या, एकटीनं, बाकीच्या बायकांपासून लांब. तिच्या घागरीजवळ कुणी पाणी प्यायला आलं नाही. बिरप्पाची निम्मी डाळिंबं उपटून खड्ड्यात गेली. धूर वस्तीवर बसून राहिला, अंगाला, भाकरीला, मेंढरांच्या लोकरीला त्याचा वास येत होता.

बागेतलं काम राहिलं. मॅडमनी वरच्या साहेबांशी भांडून ते राखलं, या बाईसारखं बघणारं माणूस मला दुसरं मिळणार नाही म्हणून. शिवपुत्राची मुकादमी गेली, तो आता पाण्याच्या पाइपावर होता आणि केराबाईशी बोलत नव्हता. बिरप्पाचा टेम्पो सकाळी घरावरून जायचा तेव्हा नुसता थांबायचा बंद झाला. ती रस्त्यापर्यंत चालत जाऊन एसटी धरायला लागली.

घरातही तसंच. तात्याबा ताटाला बसायचा, पुढ्यात आलेलं खायचा, उठायचा. मीठ कमी असलं तरी मागायचा नाही. बाज त्यानं अंगणातल्या लिंबाखाली नेली होती, दिवसभर तिथंच पडून असायचा. घरापुढचा तो एकच लिंब. त्यांच्या लग्नाच्या साली केराबाईच्या सासूनं लावलेला. वस्तीत आता भर दुपारी माणूस बसू शकेल अशी सावली बनात उरलेल्या चौदा झाडांनंतर तीच होती.

चैत्रात जत्रा झाली. उघड्या देवळापुढं माणसं डोक्यावर उपरणी टाकून उन्हात बसली. ढोल वाजले, चांगभलं झालं. सरपण आणायला पुजाऱ्याच्या घरी कुणी सांगायला आलं नाही.

जत्रेच्या चौथ्या दिवशी सकाळी केराबाई अंगण झाडत होती. तात्याबा बाजेवर डोळे मिटून पडला होता. लिंबाच्या मुळाशी खराटा गेला आणि थांबला. दोन शेवया होत्या. दोनच. एक जमिनीवर पडलेली, एक सालीत तशीच. तिच्याशिवाय त्या कुणाला दिसल्याही नसत्या.

तिनं खराटा भिंतीला उभा केला. बाजेजवळ गेली.

"आवं, उठा. हितं बगा."

तात्याबानं डोळे उघडले. उठायला त्याला वेळ लागला. ती हात द्यायला पुढं झाली तर त्यानं काठी घेतली. लिंबापाशी जाऊन, खोडाला धरून तो कसाबसा वाकला आणि ती शेवई बोटावर घेतली. बघत राहिला. महिन्यानंतर तो पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"कवापासनं?"

"आज," केराबाई म्हणाली. "आत्ताच."

त्यानं वर फांद्यांकडं बघितलं. लिंबाला नुकताच मोहोर आला होता, खाली सगळा सडा पडला होता. मग त्यानं बाज एका हातानं ओढत सावलीच्या बाहेर नेली, आणि कुऱ्हाड आणायला घरात गेला.